ईशान वाचायला शिकला, तो कशामुळे? 'तारे जमीन पर' पुन्हा बघताना

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने मला तिचा संशोधन आराखडा वाचायला पाठवला. विषय होता अध्ययन अक्षमता असलेल्या लहान मुलांचं वाचन. पहिल्याच पानावर, प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदात, 'तारे जमीन पर' हजर! मला हसू आलं, कारण माझ्या पहिल्या आराखड्यातही तो जवळपास त्याच जागी होता. माझ्या गाईडने त्याच्याखाली पेन्सिलने एकच ओळ लिहिली होती, 'मुलगा वाचायला शिकला, तो कशामुळे?'

मला उत्तर देता आलं नाही. मी चित्रपट निदान सहा वेळा पाहिला होता, दर वेळी रडले होते, आणि तरीही उत्तर येत नव्हतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून वाचनाच्या संशोधनात आलेली मी, 'कारण' आणि 'परिणाम' हे शब्द तोंडपाठ असलेली. पण हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा लिहिलेलं उत्तर. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर चित्रपटाकडे एखाद्या शोधनिबंधाकडे बघावं तसं बघायची सवय लावून घ्या. म्हणजे त्याला मार्क द्यायचे असं नाही, चित्रपटाचं ते काम नाही. पण तो कुठला दावा करतो, त्याला पुरावा काय, आणि लोक त्यावरून कुठले निर्णय घेतात, हे बघायचं. शेवटची गोष्ट माझ्या घरात घडली आहे, त्यावर पुढे येते.

आधी श्रेय

डिसेंबर २००७ मध्ये हा चित्रपट आला. दिग्दर्शक आमिर खान, लेखक अमोल गुप्ते, आणि ईशान अवस्थीच्या भूमिकेत दर्शील सफारी. त्याआधी मराठी घरांत, आणि बऱ्याच शिक्षक-खोल्यांमध्येही, 'डिस्लेक्सिया' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. अशा मुलासाठी आपल्याकडे शब्द तयारच होते, आळशी, मठ्ठ, लक्ष नसतं, मुद्दाम करतो. एका चित्रपटाने या शब्दांवर प्रश्नचिन्ह लावलं, ही छोटी गोष्ट नव्हे. कितीतरी अहवालांना हे जमलेलं नाही.

चित्रपटातला मला सगळ्यात पटलेला प्रसंग निकुंभ सर ईशानच्या घरी जातात तो. 'हा मुद्दाम करतो' असं वडील म्हणत असतात. निकुंभ एका खोक्यावरचा परकीय लिपीतला मजकूर त्यांच्यापुढे धरतात आणि म्हणतात, वाचा. ते म्हणतात, येत नाही. मग सर त्यांच्यावरच आवाज चढवतात, लक्ष द्या, प्रयत्न करा, उद्धटपणा करताय! अर्ध्या मिनिटात मुद्दा पोहोचतो: न येणं आणि न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी शिक्षकांशी बोलायला जाते तेव्हा आजही हाच प्रसंग सांगते.

आता तीन दावे तपासू. चित्रपट ते शब्दांत मांडतो असं नाही, पण बघून बाहेर पडणारा प्रेक्षक ते घेऊनच बाहेर पडतो.

पहिला दावा: अक्षरं नाचतात

वर्गात बाई वाचायला सांगतात आणि ईशान म्हणतो, अक्षरं नाचताहेत. पुढे निकुंभ त्याच्या वह्या उघडून दाखवतात. बी आणि डी यांची अदलाबदल, काही अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी. प्रेक्षकाच्या मनात चित्र पक्कं होतं की डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांना अक्षरं उलटी किंवा हलती दिसणं.

हे चित्र चित्रपटाने शोधलेलं नाही, ते शंभर वर्षं जुनं आहे. १८९६ साली ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी अशा एका हुशार मुलाची नोंद केली, तेव्हा नाव दिलं 'जन्मजात शब्दांधत्व'. १९२५ साली अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी उलट्या अक्षरांवर भर देऊन मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या स्पर्धेचा सिद्धांत मांडला. दिसायला पटण्यासारखाच होता, मूल अक्षर उलटं काढतंय म्हणजे त्याला ते उलटं दिसत असणार.

इथे जरा थांबा. 'असणार' हा शब्द आला की संशोधकाने सावध व्हायचं. मूल उलटं लिहितं हे निरीक्षण आहे. त्याला उलटं दिसतं हा त्या निरीक्षणाचा एक अर्थ झाला. दुसरा अर्थही शक्य आहे: दिसतं बरोबर, पण त्या आकाराला कुठला आवाज जोडायचा हे पक्कं नाही, म्हणून सारख्या दिसणाऱ्या आकारांत गोंधळ होतो. आता या दोन अर्थांमधला फरक तपासायचा कसा?

१९७० च्या दशकात फ्रँक व्हेलुटिनो यांनी फार साधी युक्ती वापरली. वाचनात मागे असलेली मुलं आणि नीट वाचणारी मुलं, दोघांनाही त्यांनी हिब्रू अक्षरं थोडा वेळ दाखवली आणि आठवून काढायला सांगितली. हिब्रू दोन्ही गटांना येत नव्हतं. दोष दृष्टीत असता तर इथेही पहिला गट मागे पडायला हवा होता. तसं झालं नाही, दोन्ही गट सारखेच निघाले. आणि इंग्रजी शब्दांच्या बाबतीत असंही दिसलं की जे शब्द मुलं चुकीचे वाचत होती, तेच शब्द त्यांना बघून बरोबर उतरवता येत होते. म्हणजे गडबड डोळ्यांच्या पुढच्या टप्प्यावर होती, आकाराला आवाज जोडण्यात. २००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की डिस्लेक्सियाचं मूळ दृष्टिदोषात नाही, आणि रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम हा त्यावरचा सिद्ध झालेला उपाय नाही.

बहुतेक मुलांमध्ये मुख्य अडचण शब्दांतले ध्वनी वेगळे करण्यात आणि ते अक्षरांशी पटापट जोडण्यात असते, यावर आज संशोधकांचं बरंच एकमत आहे. 'बरंच' म्हणते, 'संपूर्ण' नाही, कारण सगळ्या मुलांची अडचण एकाच जातीची नसते. आणि हेही लक्षात ठेवा की पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात आणि पुढे उत्तम वाचतात. उलटं अक्षर दिसलं की लगेच निदान करायचं नाही.

मग चित्रपटाने नाचणारी अक्षरं का निवडली? कारण पडद्यावर तीच दाखवता येतात. 'प' आणि 'ब' यांचे आवाज मुलाच्या मनात एकमेकांत मिसळतात, हे कॅमेऱ्याने टिपायचं कसं? म्हणून मी याला दिग्दर्शकाची चूक म्हणणार नाही. माध्यमाची ओढच तशी आहे. पण आपण आराखडा लिहितो तेव्हा आपल्या हातात कॅमेरा नसतो, त्यामुळे ही सबब आपल्याला चालणार नाही.

दुसरा दावा: एक चांगला शिक्षक आणि थोडे दिवस

चित्रपटाच्या उत्तरार्धात पार्श्वसंगीतावर एक तुकडा आहे. निकुंभ ईशानला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीची अक्षरं करतात, रंगांनी काढायला लावतात, ऐकवतात, पायऱ्यांवर उभं करून गणित शिकवतात. काही मिनिटांत मुलगा वाचू लागतो.

गाईडचा प्रश्न इथेच लावून बघा. कशामुळे? वाळूमुळे? मातीमुळे? शिक्षक एकटा त्याच्यासाठी वेळ देतो म्हणून? कुणीतरी प्रेमाने बोललं म्हणून? तोंडी परीक्षेची सवलत मिळाली म्हणून? मारणं-ओरडणं थांबलं म्हणून? चित्रपटात या सगळ्या गोष्टी एकाच वेळी बदलतात. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर चलं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि गुंतलेल्या चलांवरून कारण सांगता येत नाही.

ती सोडवायची कशी, याचा माझा आवडता नमुना म्हणजे लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा १९८३ चा 'नेचर'मधला निबंध. तो तीनच पानांचा आहे, नक्की मिळवून वाचा. त्यांनी ऑक्सफर्डमध्ये चार-पाच वर्षांची, अजून वाचू न लागलेली सुमारे ४०० मुलं घेतली आणि ध्वनी ओळखण्यात ती कशी आहेत हे पाहिलं. मग ध्वनी ओळखण्यात कच्च्या असलेल्या ६५ मुलांचे चार गट केले. पहिल्या गटाला चित्रं देऊन सारख्या आवाजाचे शब्द एकत्र लावायला शिकवलं. मराठीत सांगायचं तर 'पान', 'कान', 'मान' एकीकडे, असं. दुसऱ्या गटाला हेच, पण पुढे प्लास्टिकची अक्षरं हातात देऊन आवाज अक्षराशी जोडायलाही शिकवलं. तिसऱ्या गटाला तीच चित्रं, तेवढाच वेळ, तशीच शिकवणारी व्यक्ती, फक्त गट अर्थावरून लावायचे, प्राणी एकीकडे, फळं दुसरीकडे. चौथ्या गटाला काहीच जादा नाही. दोन वर्षांत प्रत्येक मुलाबरोबर ४० बैठका.

आता तिसऱ्या गटाकडे नीट बघा. या सगळ्या निबंधाचा जीव त्या गटात आहे. त्या मुलांनाही लक्ष मिळालं, कौतुक मिळालं, खेळ मिळाला. ध्वनी मात्र मिळाले नाहीत. म्हणजे पुढे फरक पडला तर तो 'कुणीतरी माया केली' म्हणून पडला असं म्हणता येणार नाही. आणि फरक पडला. ध्वनी आणि अक्षरं दोन्ही मिळालेला दुसरा गट वाचनात आणि स्पेलिंगमध्ये स्पष्टपणे पुढे गेला. गणितात तसा फरक दिसला नाही. नुसते ध्वनी शिकलेला पहिला गटही पुढे होता, पण अर्थाच्या गटाशी त्याचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे नुसते आवाजाचे खेळ पुरेसे नाहीत, आवाज आणि अक्षर यांची गाठ हातात धरून बांधावी लागते.

आता निकुंभ सरांची वाळू परत बघा. मूल वाळूत अक्षर गिरवताना तोंडाने त्याचा आवाज म्हणत असेल, तर ती गाठ बांधली जाते. नुसतं गिरवत असेल, तर तो चित्रकलेचा तास होतो. चित्रपटात संगीत वाजतं आणि मूल काय म्हणतंय ते आपल्याला ऐकूच येत नाही! माझी खरी तक्रार ही आहे. पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग संगीताखाली गेला आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. जोसेफ टॉर्गसन आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास बघा. वाचनाची तीव्र अडचण असलेली ८ ते १० वर्षांची ६० मुलं. एका मुलाला एक शिक्षक, रोज पन्नास-पन्नास मिनिटांचे दोन तास, आठ आठवडे. एकूण साडेसदुसष्ट तास. दोन वेगळ्या पद्धती वापरल्या, दोन्हींत ध्वनी आणि अक्षर यांचं थेट, पायरीपायरीने शिक्षण होतं, आणि दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच निघाला. मुलांची अचूकता आणि समज खूप सुधारली. वर्षभरात सुमारे ४० टक्के मुलांना विशेष शिक्षणाची गरज उरली नाही. पण वाचनाचा वेग मात्र मागेच राहिला.

म्हणजे मदतीने फरक पडतो, नक्की पडतो. पण तो तासांच्या हिशेबात पडतो, आणि अचूकता येते तितक्या सहज वेग येत नाही. हे आईवडिलांना आधी सांगायला हवं. नाहीतर दोन महिन्यांनी ते म्हणतात, 'निकुंभ सरांनी तर इतक्यात केलं, तुमच्याच्याने का होत नाही?'

तिसरा दावा: आधी आत्मविश्वास, मग वाचन

चित्रपटाचा शेवट तुम्हाला आठवतच असेल. चित्रकला स्पर्धा होते, ईशान पहिला येतो, सगळी शाळा टाळ्या वाजवते. निष्कर्ष असा की मुलात एक लपलेला तारा असतो, तो शोधा, आत्मविश्वास येईल, बाकी आपोआप जमेल.

आता माझ्या आजोळची गोष्ट. माझा मामेभाऊ दुसरीत असताना त्याला जोडाक्षरच काय, काना-मात्राही धड लागत नव्हती. मामीने टीव्हीवर हा चित्रपट पाहिला, खूप रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून मारणं बंद केलं. हे चित्रपटाचं मोठं देणं, मी ते विसरत नाही. पण मग तिने त्याला चित्रकलेच्या क्लासला घातलं. तिथे काही निघालं नाही, म्हणून तबल्याला. मग बुद्धिबळाला. सगळे म्हणायचे, 'अगं, या मुलांमध्ये काहीतरी असतंच, शोध.' दोन वर्षं आमचं घर त्याच्यातला तारा शोधत होतं, आणि त्या दोन वर्षांत त्याला वाचायला कुणीच शिकवलं नाही. एकदा गणपतीत मी आजोळी गेले होते. रात्री गच्चीवर तो मला म्हणाला, 'ताई, मला काहीच येत नाही. चित्रपण नाही.' तेव्हा मी शाळेतच होते, काय बोलायचं ते सुचलं नाही. ते 'पण नाही' मी अजून विसरलेले नाही. वाचता न येणं हे एक अपयश होतं, आता त्यात असामान्य नसण्याचं दुसरं अपयश आलं होतं.

तुम्ही म्हणाल, एका मुलावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही, अगदी बरोबर. त्यातून सिद्ध काही होत नाही, पण प्रश्न विचारायला कारण मिळतं. प्रश्न असा: आत्मविश्वास आधी येतो की वाचन?

न्यूझीलंडमध्ये जेम्स चॅपमन आणि विल्यम ट्यून्मर यांनी शाळेत नव्याने आलेल्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला. 'मला वाचता येतं का' याविषयी मुलाचं स्वतःबद्दलचं मत कसं घडतं, हे त्यांना बघायचं होतं. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दिसलं की शिकण्याबद्दल ज्यांचं स्वतःविषयीचं मत वाईट बनलं, त्या मुलांची ध्वनी आणि अक्षर यांची जाण शाळेत येतानाच कच्ची होती. म्हणजे आधी अडचण, मग अपयश, आणि त्यातून 'मला येत नाही' ही समजूत, तीही शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच. २००७ साली पॉल मॉर्गन आणि डग्लस फुक्स यांनी १५ अभ्यास एकत्र वाचून सांगितलं की वाचनकौशल्य आणि वाचनाची ओढ या दोन्ही गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडलं होतं. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, म्हणून आणखी चांगलं वाचतो. ज्याला येत नाही तो टाळतो, म्हणून आणखी मागे पडतो.

म्हणजे आत्मविश्वास महत्त्वाचा नाही, असं अजिबात नाही. पण वाचनाचा आत्मविश्वास चित्रकलेच्या बक्षिसातून उसना मिळत नाही. चित्रातलं यश मुलाला आनंद देतं, शाळेत यायला कारण देतं, ते द्यावंच. वाचनातला आत्मविश्वास मात्र 'काल हे वाक्य वाचता येत नव्हतं, आज आलं' यातून येतो. त्यासाठी आज वाचता येईल असं वाक्य कुणीतरी त्याच्यासाठी शोधून ठेवावं लागतं.

फलकासमोरचा मुलगा

आता मला चित्रपटाच्या बाजूने बोलायचं आहे, कारण सहाव्यांदा बघताना माझ्याकडून जे सुटलं होतं ते सातव्यांदा दिसलं.

ईशानचे वडील शाळेत येतात. निकुंभांशी बोलणं होतं, ते परत निघतात. जाताना त्यांना दिसतं की ईशान एका फलकासमोर उभा आहे आणि त्यावरचं वाचतोय. अडखळत, अक्षर अक्षर जोडत, हळू. कुणीही टाळ्या वाजवत नाही. वडील लांबूनच बघतात, डोळे भरून येतात, आणि निघून जातात.

मुलाला कुणी वाच म्हणून सांगितलेलं नाही, परीक्षा नाही, समोर शिक्षक नाही. तरी तो वाचतोय. आणि वाचतोय हळू, पण प्रयत्न सोडत नाही. टॉर्गसन यांच्या निष्कर्षात हेच आहे, अचूकता आधी, वेग मागे. आत्मविश्वासाने वाचणारं मूल म्हणजे भराभर वाचणारं मूल नव्हे. अडखळलं तरी पुढच्या शब्दाकडे जाणारं मूल ते हेच. माझ्या मते चित्रपटाचा शेवट इथे होतो. पुढची चित्रकला स्पर्धा ही प्रेक्षकांसाठी आहे, हा फलक मात्र ईशानचा आहे. दुर्दैव इतकंच की आपल्या सगळ्यांना स्पर्धा आठवते, फलक आठवत नाही. माझ्या मामीलाही आठवला नाही.

आणि मराठी?

शेवटचा मुद्दा तुमच्यातल्या ज्यांना याच विषयात काम करायचं आहे त्यांच्यासाठी. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरचे आहेत. चित्रपटातली बी-डीची उदाहरणंही इंग्रजीचीच. ती मराठीला जशीच्या तशी लावता येतात का?

इंग्रजी ही वाचायला शिकण्याच्या दृष्टीने फार अवघड लिपीव्यवस्था आहे. फिलिप सेमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांची तुलना केली. पहिल्या वर्षाच्या शेवटी इंग्रजी शिकणारी मुलं ओळखीचे शब्द सुमारे ३४ टक्के बरोबर वाचत होती, तर फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं नव्वद टक्क्यांच्या पुढे होती. जिथे अक्षर आणि आवाज यांचं नातं सरळ आहे, तिथे अडचण असलेली मुलं चुका कमी करतात पण फार हळू वाचतात, हे हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये जर्मन मुलांबाबत दाखवलं.

मराठीचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे, पण अक्षरं पुष्कळ. नुसती बाराखडीच चारशेच्या वर जाते, जोडाक्षरं वेगळीच. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांवर दाखवलं की सगळी अक्षरचिन्हं पक्की व्हायला चौथीपर्यंत आणि त्यापुढेही वेळ लागतो. म्हणजे तिसरीतल्या मुलाला 'स्त्र' लागला नाही तर ती अडचण असेलच असं नाही, तो नेहमीच्या वाटेवर असू शकतो. उलट, इंग्रजीतल्या बी-डीची वाट बघत बसलात तर मराठीतली खरी लक्षणं सुटतील. 'चिमणी'त वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांतला फरक एका रेघेचा. 'र' तर 'क्र', 'र्क', 'ट्र', 'ऱ्य' अशी चार सोंगं घेतो. 'चार' आणि 'चारा' यांत अक्षर एक, आवाज दोन. 'कमळ' अक्षरं जोडून म्हटलं तर शेवटचा 'अ' ऐकू येतो, बोलताना येत नाही. यातल्या कुठल्या जागी मराठी मूल किती काळ अडखळतं, आणि किती काळानंतर काळजी करायची? इथे कामाला खूप वाव आहे.

हातात काहीच नाही असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' ही चाचणी आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, आणि तिच्यात शिक्षकांना वापरता येतील अशा पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवीसाठीच्या प्राथमिक चाचण्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. प्रमाणपत्र मात्र आठ वर्षांनंतर मिळतं. यातून एक घातक गैरसमज पसरतो, की आठ वर्षांपर्यंत थांबायचं. सवलतीला कागद लागतो, पण वाचायला शिकवायला लागत नाही. सहा वर्षांच्या मुलाबरोबर आजच 'पान-कान-मान' खेळता येतं, हातात अक्षरं देऊन तो आवाज बांधता येतो, त्याला झेपेल असा छोटा मजकूर दोन-तीनदा वाचून घेता येतो, आणि अचानक उभं करून सगळ्या वर्गासमोर वाचायला लावणं थांबवता येतं.

माझ्या भावाला पाचवीत अशा एक बाई भेटल्या. मधल्या सुट्टीत अर्धा तास, रोज, बाराखडीच्या पट्ट्या घेऊन बसायच्या. आज तो हळू वाचतो, पण वाचतो. एसटीच्या पाट्या मोठ्याने वाचायची सवय मात्र त्याला अजून आहे.

आता तुमचं काम

चित्रपट पुन्हा बघा आणि तीन गोष्टी वहीत लिहा. एक, निकुंभ सरांनी किती गोष्टी एकाच वेळी बदलल्या त्यांची यादी. दोन, त्यातली एकच निवडा आणि ब्रॅडली-ब्रायंट यांच्या तिसऱ्या गटासारखा तुलनेचा गट कसा बनवाल ते सांगा. तीन, परिणाम कशाने मोजाल? अचूकता, वेग, समज की मुलाचं स्वतःबद्दलचं मत? आणि ते मराठीत मोजायला साधन आहे का?

एवढं झालं की मग तुमच्या आराखड्याच्या प्रस्तावनेत 'तारे जमीन पर' खुशाल ठेवा. मैत्रिणीलाही मी हेच कळवलंय. फक्त त्याच्याखाली गाईडने पेन्सिल चालवायच्या आधी तो प्रश्न तुम्हीच लिहून ठेवा.